दुःखाच्या दिवशी अर्धी वाटी पाणी जास्त

बाईंच्या घरात कुकर नव्हता. शाळेत तीस वर्षं शिट्टी आपण मारली आणि पोरं पळाली, आता म्हातारपणी भांड्याने शिट्टी मारायची आणि आपण पळायचं, हे काही आपल्याला जमणार नाही, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. त्या खेळाच्या बाई होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी शिट्टी गळ्यात असायचीच, क्रुसाच्या शेजारी, एकाच काळ्या दोऱ्यात. दूधवाला, केळीवाला, वरच्या खोलीतली भाडेकरू, कोणालाही बोलवायचं असलं तरी त्या हाक मारत नसत. वरच्या खोलीतली भाडेकरू म्हणजे मी. एक शिट्टी म्हणजे खाली ये, दोन म्हणजे नळ बंद कर, आणि एक लांबलचक म्हणजे तुझं काहीतरी करपतंय.

मी सांगलीहून आलेली, वसईत माणिकपूरला स्टेशनजवळच्या एका लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त काढणारी. चर्चच्या मागच्या आळीत बाईंचं घर, वर एक खोली आणि बाहेरून जिना. खोली बघायला गेले तेव्हा लग्न झालंय का, किती वाजता येतेस, कोण कोण भेटायला येणार, या नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं मी रिक्षातच तयार करून ठेवली होती. बाईंनी त्यातलं एकही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, रात्रीच्या जेवणाला तुला किती भांडी लागतात? मी खरं ते सांगितलं, एकही नाही, मी बाहेरच खाते.

"शून्य म्हणजे उपाशी," बाई म्हणाल्या. "एक म्हणजे माणूस. दोन म्हणजे हौस. त्याच्या पुढचं मला सांगू नकोस."

खोली मिळाली. शून्यावरून एकावर यायचं, एवढीच अट होती आणि ती मी गमतीत घेतली. दोन महिने वडापाव, शेवपुरी आणि लॅबच्या खालच्या गाडीवरचे नूडल्स यांवर मजेत काढले. मग कावीळ झाली. दुसऱ्यांचं रक्त तपासणाऱ्या मुलीचा स्वतःचा रिपोर्ट असा आला, म्हणून लॅबमधले सगळे आठवडाभर हसत होते. सांगलीत मात्र कोणी हसलं नाही. आईने फोनवर अगदी शांतपणे सांगितलं, दिवाळीच्या आधी मी येऊन बघणार. रोज संध्याकाळी घरचं, गरम, नीट जेवताना दिसलीस तर राहा. नाहीतर नोकरी सोडायची आणि माझ्याबरोबर परत यायचं. आईचा आवाज चढला की काळजी नसते, तो उतरला की मात्र ती बोललेलं करते. वयाच्या सव्विसाव्या वर्षी पहिल्यांदा माझ्याकडे स्वतःच्या दाराची किल्ली आली होती आणि ती मला कोणालाही द्यायची नव्हती. मी खूप घाबरले होते.

मी खाली जाऊन बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मग सोपं आहे, ऑक्टोबर येतोय. मला वाटलं, वयामुळे बाईंचं बोलणं कधीकधी भरकटतं.

बाईंचं ते एक भांडं म्हणजे लंगडी. पसरट, रुंद तोंडाची, जाड बुडाची, जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची. तिच्यावर झाकण म्हणून त्या आपलं जेवायचं ताटच ठेवायच्या. अन्न शिजेपर्यंत ताट गरम होतं, आणि ताट उचललं की त्यातच वाढून घ्यायचं. घासायला लंगडी, ताट, चमचा. विळीवर बसल्या की लंगडी पात्याखाली ठेवायच्या, म्हणजे चिरलेलं थेट आत पडायचं, चिरलेलं ठेवायला वेगळी ताटली नको. फोडणीच्या कढल्यावर त्यांचा विशेष राग होता. कढलं म्हणजे भांड्याला झालेलं पिल्लू, एकदा घरात आलं की वाढतच जातं, असं त्या म्हणायच्या. एकदा अंधेरीहून त्यांचा भाचा जेवायला आला होता, त्याने भातासोबत कोशिंबीर आहे का असं सहज विचारलं. बाईंनी टोपलीतला एक टोमॅटो धुऊन त्याच्या हातात दिला.

या एका भांड्याच्या हट्टाचं मूळ माळ्यावर होतं. त्यांच्या माळ्यावर जुन्या साड्यांत बांधलेली गाठोडी होती, सगळी लग्नात आलेल्या भांड्यांची. सासरी अकरा माणसं, बाई दिवसभर मैदानात पोरांना पळवणार आणि संध्याकाळी विहिरीपाशी बसून भांडी घासणार. निवृत्तीच्या दिवशी शाळेने शाल आणि पितळी समई दिली. बाई घरी आल्या, समई, तोप, कढया, डाव सगळं गाठोड्यांत बांधलं, माळ्यावर टाकलं आणि लंगडी खाली ठेवून घेतली. नवरा तेव्हा होता. त्याने विचारलं, आता मी काय करू? बाई म्हणाल्या, तू जेव. हे सांगताना त्या दरवेळी तितक्याच मनापासून हसायच्या.

आता ऑक्टोबर का, ते सांगते. ऑक्टोबर म्हणजे त्या आळीत रोजरीचा महिना. रोज संध्याकाळी सातला एकेका घरी सगळी आळी जमते, माळ हातात घेऊन प्रार्थना होते, मग चणे नाहीतर बिस्किटं वाटली जातात आणि सगळे घरी. ऐन जेवण करायच्या वेळेलाच हे, त्यात दिवसभराच्या उन्हाने तापलेली स्वयंपाकघरं. बाकीच्या बायका दुपारीच करून ठेवायच्या आणि रात्री गार खायच्या. बाईंनी वेगळाच मार्ग काढला होता. सातला दोन मिनिटं असताना लंगडीत सगळं एकदम घालायचं, गॅस बारीक करायचा, ताट झाकायचं आणि प्रार्थनेला जायचं. रोजरीची पाच रहस्यं असतात, प्रत्येकात दहा वेळा 'नमो मरिया'. पाच रहस्यं संपली की भात झालेला असायचा.

त्यांच्या सगळ्या पाककृती याच मापात होत्या. नव्या तांदळाचा कोलंबीभात, चार रहस्यं. वांगं, भिजवलेले वाल आणि तांदूळ, पाच रहस्यं आणि वर शेवटची विनवणी. शिराळं आणि मूगडाळ, तीन. शिराळं म्हणजे आमच्याकडचं दोडकं, हे मला तिथेच कळलं. सुक्या बोंबलाचं वांगी-बटाटा घालून केलेलं कालवण, तेही तीन, पण पोटातल्या भुकेमुळे पाच वाटतात.

"मंगळवारी नि शुक्रवारी दुःखाची रहस्यं असतात," त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "तेव्हा लोक रेंगाळतात. अर्धी वाटी पाणी जास्त."

मी त्यांना फोनमधला टायमर दाखवला. त्यांनी तो नीट बघितला आणि परत दिला. त्यांचं म्हणणं, टायमर लावला की माणूस दुसरीकडे जातो, आणि माणूस दुसरीकडे गेला की भांडं खाली लागतं. तोंडात काहीतरी मोजून म्हणत राहिलं की माणूस चुलीपाशीच राहतो. त्या स्वतः लंगडी सोडून चार घरं लांब जातात, हे मी म्हटलं. त्यावर त्या म्हणाल्या, मी तीस वर्षं कवायत घेतली आहे, माझं मन जागेवर असतं, तुझं नाही. हे खरंच होतं.

अर्थात, या पद्धतीचा सगळा भार प्रार्थना सांगणाऱ्यावर होता. बहुतेक वेळा बाईच सांगायच्या, त्यामुळे वेग पक्का. पण एका संध्याकाळी, प्रार्थना शेजारच्याच घरी असताना, सांगायचा मान आळीतल्या सर्वांत वयस्कर आजोबांकडे गेला. त्यांचं प्रत्येक वाक्य आधीच सावकाश, त्यात तो शुक्रवार. चौथ्या रहस्यात आजोबा थांबले. लोकांना वाटलं चिंतन चाललंय, पण त्यांना डुलकी लागली होती. सगळे डोळे मिटून वाट बघत बसले. मीही बिस्किटांच्या आशेने मागे बसले होते. तेवढ्यात करपल्याचा वास आला. बाईंच्या चेहऱ्यावरून मला कळलं, की उठून जाणं हा प्रार्थनेचा अपमान आणि बसून राहणं हा कोलंबीचा, यात त्या अडकल्या आहेत. शेवटी त्यांनी शिट्टी वाजवली.

त्या खोलीत पन्नाशीच्या आतला जो तो बाईंचा विद्यार्थी होता. शिट्टी ऐकताच सगळे ताडकन उठून सावधानमध्ये उभे राहिले. बाईंनी एका टक्कल पडलेल्या गृहस्थांकडे फक्त बोट दाखवलं. ते शाळेत असताना रिलेमध्ये शेवटचे पळायचे. ते पळत गेले, गॅस बंद करून पळत आले, आणि जागेवर येऊन हात वर करून उभे राहिले. या गडबडीत आजोबा जागे झाले आणि पाचवं रहस्य सुरू केलं. नंतर मी बाईंना विचारलं, भाताचं काय केलंत? करपलेलं लोकांना दिसू नये म्हणून लोक भांडी घासतात, मी खाऊन टाकते, असं त्या म्हणाल्या. मला त्या रात्री हसून हसून झोप लागेना.

माझी शिकवणी अशी चालली होती. सहाला लॅबमधून सुटायचं, वाटेत भाजी घ्यायची, सातला वरच्या खोलीत माझी छोटी लंगडी चढवायची आणि तिच्यासमोर उभं राहून बोटांवर मोजत 'नमो मरिया' म्हणायचं. मला त्या प्रार्थनेतलं कळायचं निम्मं, पण ताल डोक्यात बसला होता. पहिला आठवडा भात कच्चा, दुसरा आठवडा चिखल. तिसऱ्या आठवड्यात एकदा मूगडाळ, शिराळं आणि तांदूळ असं काही एकत्र जमून आलं, की मी लंगडी घेऊन जिन्यावरून धावत खाली गेले. बाईंनी चव घेतली आणि शेरा दिला, "पास." मला दहावीला इतका आनंद झाला नव्हता.

आई रविवारी येणार होती. ती मंगळवारीच आली. तयारी करायला वेळ मिळाला तर मुलगी फसवेल, हे ती ओळखून होती. सव्वासात वाजले होते, आळी सगळी प्रार्थनेला, मी एकटी. मंगळवार म्हणजे दुःखाची रहस्यं, म्हणून वेग बरोबर यावा यासाठी मी चेहराही पाडून, हळूहळू, जवळजवळ रडवेल्या आवाजात म्हणत होते. डोळे मिटलेले, बोटं मोजतायत, समोर वाफ. पाचवं रहस्य संपलं, मी "आमेन" म्हटलं, गॅस बंद केला आणि वळले. दारात आई उभी होती, एका हातात बॅग, दुसऱ्या हातात चकल्यांचा डबा.

तिने बॅग ठेवली, खाली पायरीवर जाऊन बसली आणि अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फोन लावला. मला वरून ऐकू आलं. पोरगी हातची गेली, असं ती म्हणत होती. शनिवारची दोन तिकिटं काढा, तिचं सामान बांधून तिला घेऊन येते. मी लंगडी घेऊन जिन्यात उभी राहून भात थंड होताना बघत होते आणि मला हसू आणि रडू एकदम येत होतं.

प्रार्थना आटपून बाई आल्या, त्या पायरीवर आईला बघूनच थांबल्या. आईने पदर सावरला.

"तुम्ही माझ्या मुलीला काय शिकवलंत?"

"भात," बाई म्हणाल्या.

"आणि ते जे ती तोंडाने म्हणत होती?"

"ते तिचं घड्याळ. प्रार्थना म्हणू नका त्याला. रोज मधली एक ओळ खाते ती, म्हणून तर तिचा भात कच्चा राहायचा." मग बाई आईच्या शेजारी पायरीवरच टेकल्या. "तुम्ही कशावर मोजता, ताई?"

आई उत्तर देणार नव्हती, हे तिच्या जबड्यावरून दिसत होतं. पण मलाच आठवलं. आमच्याकडे तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावला की आई स्तोत्र म्हणायची, मोठ्याने, स्वयंपाकघरात फिरत. स्तोत्र संपलं की ती वरण उतरवायची. एकदा घसा बसला होता म्हणून तिने ते म्हटलं नाही आणि वरण उतू गेलं. मी हे सांगितलं. आईने माझ्याकडे डोळे वटारून बघितलं, मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, भाताला एकदा, डाळीला दीडदा. बाईंनी आनंदाने स्वतःच्या गुडघ्यावर थाप मारली.

बुधवारी संध्याकाळी खालच्या स्वयंपाकघरात जे झालं, त्याला सामना म्हणावं लागेल. प्रार्थना त्या दिवशी बाईंच्याच घरी होती, ती संपल्यावर आईने लंगडी ताब्यात घेतली. तिने वरणफळं केली, म्हणजे उकळत्या आमटीत कणकेचे शंकरपाळ्यासारखे तुकडे सोडायचे आणि शिजू द्यायचे. आई स्तोत्र म्हणत होती, बाई मनात माळ मोजत होत्या, मी पंच. आईने संपवून झाकण काढलं तेव्हा बाईंच्या आठ प्रार्थना बाकी होत्या. तुमचं स्तोत्र उतारावरून धावतं, बाईंनी तक्रार केली. कणीक मऊ शिजली होती हे मात्र त्यांनी मान्य केलं आणि दोनदा वाढून घेतलं. मग आई लंगडी उलटीपालटी करून बघत राहिली. लग्नापासून मी हे करते, ती म्हणाली, पण घरात वरणफळं म्हणजे ज्या दिवशी बाकी काही करायचा कंटाळा आला तो दिवस, म्हणून मला दरवेळी लाज वाटायची.

गुरुवारी आईने वांगं-वालाचा भात शिकून घेतला. प्रार्थना झाली, जेवण झालं, लंगडी, ताटं आणि चमचे घासून झाले, आणि आई ओसरीवर येऊन उभी राहिली. तिने घड्याळाकडे बघितलं. पुन्हा आत गेली, कोरडा ओटा पुसला, पुन्हा बाहेर आली. आमच्या घरी या वेळेला पोळ्या, भाजी, आमटी, भात, कोशिंबीर, मग सगळ्यांना वाढणं, मग मागचं आवरणं, असं दहापर्यंत चालतं. मी जन्मल्यापासून तिला संध्याकाळी बसलेलं बघितलं नव्हतं, आणि बघितलं नव्हतं हे माझ्या तोवर लक्षातही आलं नव्हतं. मला स्वतःची फार लाज वाटली.

"आठ वाजायचेत आणि हाताला काम नाही," आई म्हणाली. "मला भीतीच वाटतीये."

"मला महिनाभर वाटली," बाई म्हणाल्या. "धुतलेली लंगडी परत धुवायचे. बसा. आपोआप जाते ती."

आई बसली. बाईंनी तिला मैदानावरच्या गोष्टी सांगितल्या, खो-खोच्या संघाची पोरं आंतरशालेय सामन्यात चुकून स्वतःच्याच गड्याला बाद करायला धावली ती, आणि बक्षीस समारंभाला पाहुण्यांनी बाईंनाच हार घातला ती. आई हसता हसता खांबाला टेकली. ती एवढ्या मोठ्याने हसते, हे मला माहीत नव्हतं.

शुक्रवारी आम्ही तिघी जेवून ओसरीवर बसलो होतो तेव्हा अप्पांचा फोन आला. आईने तो स्पीकरवर ठेवला. उद्याची दोन तिकिटं मिळाली आहेत, ते सांगत होते, पोरीचं सामान बांधलं का? मी आईकडे बघितलं. आईने अजून मला काहीच सांगितलं नव्हतं.

"एक रद्द करा," आई म्हणाली. "ती येत नाही. नीट जेवते इथे."

मी तिचा हात धरला. ती माझ्याकडे बघत नव्हती, ती समोरच्या केळींकडे बघत होती.

"थांबा," ती म्हणाली. "दोन्ही रद्द करा. मी पुढच्या शनिवारी येईन."

मग अप्पांनी विचारलं, मग मी काय खाऊ? खानावळीचं चार दिवस खाल्लं, पोट बिघडलंय. आईने तोंड उघडलं, आणि मला दिसलं की ती आता 'उद्याच येते' म्हणणार. बाईंनी सरळ तिच्या हातातून फोन काढून घेतला. घरात काय आहे ते त्यांनी विचारलं. तांदूळ, मूगडाळ, कांदा आणि एक बटाटा होता. हिंग कुठे असतो हे अप्पांना माहीत नव्हतं, ते आईने सांगितलं, फ्रीजच्या वरचा डबा. पसरट भांडं घ्या, बाईंनी हुकूम सोडला, सगळं एकदम टाका, दुप्पट पाणी आणि वर अर्धी वाटी, आज शुक्रवार आहे. शुक्रवारचा काय संबंध, हे विचारायची अप्पांची हिंमत झाली नाही.

"आता गॅस बारीक करा. तुम्हांला तोंडपाठ काय येतं?"

अप्पा गोंधळले. देवाधर्माचं त्यांचं कधीच काही पाठ नव्हतं, ते खातं आईकडे होतं. शेवटी ते म्हणाले, पाढे येतात, तीसपर्यंत.

"मग अकरापासून म्हणा. गिळायचे नाहीत. भांड्यापासून हलायचं नाही."

आणि अप्पांनी सुरुवात केली. अकरा एके अकरा. सांगलीतल्या स्वयंपाकघरात उभं राहून, साठी उलटलेला माणूस, शाळेतल्या चालीवर. आम्ही तिघी वसईत फोनभोवती बसून ऐकत होतो. तेराच्या पाढ्याला बाई गुडघ्यावर ताल धरू लागल्या. सतराला मला हसू आवरेना म्हणून मी ओढणी तोंडात कोंबली. तेविसाला अप्पांचा आवाज चांगलाच खुलला, मागे भाताची खदखद ऐकू येत होती. सत्ताविसाला ते अडले. सत्तावीस सक, सत्तावीस सक, असं दोनदा झालं. एकशे बासष्ट, आई हळूच म्हणाली, आणि ते पुढे गेले.

तीस दाहे तीनशे झाले. गॅस बंद केल्याचा आवाज आला, झाकण ओट्यावर ठेवल्याचा आला, मग चमचा.

"खाली लागलं नाही," अप्पा म्हणाले. थोडा वेळ ते नुसते खात असावेत. मग त्यांनी विचारलं, "तू जेवलीस का गं?"

आईने बाईंच्या हातातून फोन परत घेतला आणि दोन्ही हातांनी धरला. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती आणि हा प्रश्न तिला अप्पांनी कधीच विचारलेला नव्हता, कारण ते जेवून उठल्यावरच ती जेवायला बसायची.

"जेवले," आई म्हणाली. "आज तुमच्या आधी जेवले."